निर्लेखनाआधी धूळ काढा

शाळेच्या संगणक कक्षातला, ग्रामपंचायतीच्या कार्यालयातला किंवा घरात टेबलाखाली ठेवलेला डेस्कटॉप घरघरू लागला, हात लावला की गरम लागू लागला आणि काम करताना रेंगाळू लागला, की त्याच्याबद्दलचा निकाल ठरलेला असतो: जुना झाला, आता नवा घ्या. हा निकाल बहुतेक वेळा तपासणी न करता दिलेला असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. पंख्याचा वाढलेला आवाज आणि पेटीची वाढलेली उष्णता यांचा यंत्राच्या वयाशी थेट संबंध फार थोडा. ही दोन्ही लक्षणे बहुधा एकच गोष्ट सांगतात: आतली गरम हवा बाहेर पडत नाही. हवेची वाट मोकळी केली तर तेच यंत्र पुन्हा शांतपणे, पूर्ण वेगाने चालू शकते. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्या संस्था लोकांच्या पैशातून संगणक घेतात त्यांनी त्यांच्या सफाईसाठी पैसे, माणूस आणि तारीख आधी ठरवावी, आणि ती सफाई झाल्याची मोजून नोंद केल्याशिवाय एकही यंत्र निर्लेखित करू नये, म्हणजे निकामी ठरवून नोंदवहीतून काढू नये.

हे म्हणणे पटण्यासाठी आत काय घडते ते नीट पाहायला हवे. संगणक जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. आजच्या साध्या कार्यालयीन डेस्कटॉपच्या प्रोसेसरचे मानांकन बहुधा ६० ते ६५ वॉटचे असते, आणि ही उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून काढून घ्यायची असते. एके काळी हा प्रश्न इतका बिकट झाला की त्याने या उद्योगाची दिशाच बदलली. २००४ मध्ये बाजारात आलेल्या ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चे मानांकन ११५ वॉटवर गेले होते. त्यापुढचा 'तेजस' नावाचा प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी रद्द केला, ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेतही सोडून दिला आणि एकाच गाभ्याचा वेग वाढवत नेण्याऐवजी एका चिपवर अनेक गाभे बसवण्याची वाट धरली. त्या काळातल्या डेस्कटॉपचा कर्कश पंखा ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या मनात संगणक म्हणजे आवाज हे समीकरण पक्के बसले आहे. पण गेल्या दहा-बारा वर्षांतला साधा कार्यालयीन डेस्कटॉप नवा असताना जवळपास निःशब्द असतो. तो तीन-चार वर्षांनी ओरडू लागला तर मधल्या काळात प्रोसेसर बदललेला नसतो, त्याचे मानांकनही वाढलेले नसते. बदललेली असते ती त्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या मधली वाट.

ही वाट तीन टप्प्यांची आहे. प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात आणि त्या फटींत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ॲल्युमिनियमची वाहकता हवेच्या काही हजार पट असते आणि पेस्टची साधारण शंभर पट किंवा त्याहून जास्त, म्हणून ती लावतात. काही वर्षांनी साधी पेस्ट वाळते, भेगाळते आणि फटी पुन्हा उघड्या पडतात. पण बहुतेक यंत्रांत पेस्टच्याही आधी गुन्हेगार असते ती धूळ. पंख्याने ओढलेल्या हवेतले कण आणि तंतू हीटसिंकच्या पात्यांच्या वरच्या कडांवर अडकतात, त्यांच्यावर पुढचे कण बसतात, आणि पंखा व पाती यांच्या मधोमध एक सलग थर तयार होतो. पेटी उघडून वरून पाहणाऱ्याला पंखा फिरताना दिसतो, वरवरची धूळ फडक्याने पुसली जाते, आणि खरा थर पंख्याखाली तसाच राहतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. 'साफ करून घेतला होता, तरी आवाज गेला नाही' अशी तक्रार पुष्कळदा येते, तिचे कारण बहुधा हेच असते.

आता आवाजाकडे येऊ, कारण लोक तक्रार करतात ती उष्णतेची नव्हे, आवाजाची. पंखा किती वेगाने फिरवायचा हे मदरबोर्ड तापमान पाहून ठरवतो. प्रोसेसर तापला की तो पंख्याचा वेग वाढवतो. पात्यांतून हवाच जात नसेल तर वेग वाढवूनही तापमान उतरत नाही, म्हणून वेग आणखी वाढतो. पंख्याचा वेग दुप्पट केला तर मोकळ्या वाटेतून हवा जास्तीत जास्त दुप्पट जाते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. दहा डेसिबलची वाढ माणसाच्या कानाला साधारण दुप्पट वाटते, म्हणजे ही वाढ जवळजवळ तिप्पट. हवेचा फायदा थोडा आणि आवाजाचा त्रास मोठा, असा हा सौदा आहे. त्यात संगणक कक्षाचा हिशेब आणखी वेगळा होतो. एका यंत्राचा आवाज ३५ डेसिबल धरला आणि तसली वीस यंत्रे कानापासून सारख्या अंतरावर आहेत असे मानले, तर एकत्र आवाज सुमारे ४८ डेसिबल भरतो. प्रत्यक्षात अंतरे कमी-जास्त असतात, पण अंदाज यायला एवढे पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत शिकवणे चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, कारण त्यापुढे मुलांना शिक्षकाचे शब्द नीट ऐकू येईनासे होतात. मागच्या बाकावरच्या मुलीला 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज' यांतला फरक समजला नाही, तर तो दोष तिच्या बुद्धीचा असेलच असे नाही. धुळीने भरलेल्या वीस यंत्रांचा असू शकतो. हा प्रश्न मला निव्वळ यंत्रांच्या निगेचा वाटत नाही, तो शिकवण्याच्या दर्जाचाही आहे.

आपल्याकडे धूळ सगळीकडे सारखी नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या यंत्रमागांच्या गावांत हवेत कापसाचे बारीक तंतू असतात आणि ते हीटसिंकच्या पात्यांना धुळीपेक्षा फार लवकर बुजवतात. चंद्रपूरच्या पट्ट्यात कोळशाची भुकटी आहे. उसाच्या भागात गळीत हंगामात फडातले पाचट पेटवले की काजळीचे कण खिडक्यांतून आत येतात. कोकणात आणि गोव्यात दमट, खारी हवा धुळीला ओल देते, तो थर घट्ट होतो आणि धातूच्या टोकांना गंजही धरू लागतो. त्यावर उन्हाळा आहे. कोणताही पंखा आतली वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, फार तर तिच्या जवळ आणू शकतो. समजा, स्वच्छ स्थितीत कामाच्या ताणाखाली प्रोसेसर खोलीपेक्षा ३५ अंश वर राहतो आणि बुजलेल्या स्थितीत ६० अंश वर. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल तर बुजलेले यंत्रही ८२ अंशांवर तग धरते, फक्त आवाज करते. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या छताखाली खोली ४० अंशांवर गेली की तेच यंत्र १०० अंशांना टेकते, तर स्वच्छ यंत्र त्याच खोलीत ७५ वर निवांत असते. 'उन्हाळ्यात कॉम्प्युटर बिघडतात' असे म्हणतात, पण मे महिना आधीपासूनची दुरवस्था फक्त उघडी पाडतो.

शंभर अंशांना काय होते? इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा घालून दिलेली असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ती ९५ अंशांवर आहे. तिथे पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःचा वेग कमी करतो, कमी वीज घेतो, म्हणजे कमी तापतो, आणि तरीही निभावले नाही तर यंत्र बंद होते. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळेच निदान चुकते. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की फाइल उघडायला वेळ लागतो, पडदा अडखळतो, दाखल्याचे पान पुढे सरकत नाही. तो म्हणतो, यंत्र स्लो झाले. मग कोणी विंडोज पुन्हा टाकून देतो, कोणी रॅम वाढवायला सांगतो आणि शेवटी कोणी नव्या यंत्राचे कोटेशन देतो. पेटीचे झाकण मात्र कोणी उघडत नाही. रॅम कमी पडणे किंवा जुनी हार्ड डिस्क मंद असणे ही कारणेही खरी असतात, ती मी नाकारत नाही. पण तापमान मोजायला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही, तेव्हा ती तपासणी पहिली असायला हवी, आज ती बहुधा होतच नाही.

या म्हणण्यावर एक आक्षेप अभ्यासू मंडळी घेतात, आणि तो वजनदार आहे. इंटेलने २००७-०८ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी हवेत सुमारे ९०० सर्व्हर घेऊन प्रयोग केला. त्यांतले निम्मे जवळजवळ दहा महिने बाहेरच्या हवेवर, फारशी गाळणी न लावता, ३२ अंशांपर्यंतच्या तापमानात चालवले. सर्व्हरांवर धुळीचा थर बसला, तरी बिघाडाचे प्रमाण कंपनीच्या मुख्य डेटा सेंटरच्या तुलनेत एका टक्केबिंदूहूनही कमीच वाढले. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास मांडला, त्यातही मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचा अपेक्षित संबंध दिसला नाही. मग एवढी काळजी कशाला? या दोन्ही अभ्यासांचा मी आदर करतो आणि त्यांचे निष्कर्ष त्यांच्या जागी मान्य करतो. पण ते आपल्या खोलीला लागू करताना दोन गोष्टी सुटतात. सर्व्हरचे पंखे छोटे, जबर वेगाचे आणि कानठळ्या बसवणारे असतात, ते धुळीतूनही हवा ढकलतात, आणि त्या खोलीत कोणी मूल शिकत बसलेले नसते. शिवाय तिथली बाहेरची हवा ३२ अंशांवर थांबवलेली होती, आपली मे महिन्यातली खोली तिथून पुढे सुरू होते. गूगलच्या अभ्यासातही अगदी वरच्या तापमानाला आणि तीन-चार वर्षांच्या जुन्या डिस्कमध्ये उष्णतेचा परिणाम दिसलाच होता. आपल्या शाळा-कार्यालयांतल्या डिस्क नेमक्या त्याच वयाच्या किंवा त्याहून जुन्या असतात. त्याखेरीज मदरबोर्ड आणि एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारी आतली पेटी) यांमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणून माझा दावा 'धुळीने यंत्र मरते' एवढा मोठा नाहीच. धुळीने ते मंद होते, त्रासदायक होते आणि मग माणसे त्याला जिवंतपणीच टाकून देतात, असा आहे. ते यंत्र वाया जाते ते त्या टाकून देण्यामुळे.

दुसरा आक्षेप असा की, नवे यंत्र कमी वीज खाते, मग जुन्यावर खर्च का करायचा? तुलना खरोखर पेंटियम ४ च्या पिढीशी असेल तर हा मुद्दा बरोबर आहे, ती यंत्रे जाऊच द्यावीत. पण आठ-दहा वर्षांच्या साध्या डेस्कटॉपची आणि नव्याची तुलना केली तर कार्यालयीन कामातला विजेचा फरक थोडा असतो. आणि संगणकाचा पर्यावरणावरचा भार विजेच्या बिलात पूर्ण दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक डेस्कटॉप आणि १७ इंची काचेचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागते असे मांडले होते. मॉनिटर आता बदलले, आकडेही बदलले असतील, तरी मूळ मुद्दा टिकून आहे: यंत्र आपल्या दारात येण्याआधीच त्याचा मोठा खर्च होऊन गेलेला असतो आणि तो वसूल होतो तो जास्त वर्षे वापरल्यानेच. दुसऱ्या टोकाला कचरा आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले, त्यांत उत्पादकांवर जबाबदारी आहे, हे चांगलेच झाले. तरी जो कचरा झालाच नाही त्याच्याइतका स्वस्त आणि निर्धोक कचरा दुसरा नाही.

सॉफ्टवेअरचा मुद्दा वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या कार्यालयात असुरक्षित प्रणाली चालू ठेवा, असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण हा आवाजाचा किंवा उष्णतेचा दोष नव्हे, आणि शाळेच्या कक्षात त्याला उत्तरही आहे. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीवर शिकवत आल्या आहेत. टंकलेखन, चित्रकला, गणित, प्रोग्रॅमिंगची ओळख यांसाठी स्वच्छ केलेला, लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप पुरून उरतो.

सफाई इतकी साधी आणि स्वस्त असेल तर ती होत का नाही? माझ्या मते दोष माणसांच्या आळसात कमी आणि हिशेबाच्या रचनेत जास्त आहे. संगणक खरेदीला योजनेतून एकरकमी पैसे येतात. यंत्रे येतात, जडसंग्रह नोंदवहीत चढतात, फोटो निघतो. त्यानंतर त्यांच्या निगेसाठी दरवर्षी लागणारे थोडेसे पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे हे ठरलेले नसते. नव्या यंत्रासाठी मोठी रक्कम मागता येते, पण हार्डवेअरवाल्याला बोलावून काही शे रुपये द्यायचे तर मुख्याध्यापकांना ते कोणत्या खात्यातून द्यायचे याची चिंता. जिथे वार्षिक देखभालीचा करार असतो तिथे तो सर्वांत कमी दराला जातो, आणि त्या दरात परवडते ते फक्त तक्रार आल्यावर येणे. तिमाही प्रतिबंधक देखभालीचे कलम अनेक करारांत लिहिलेले असते, पण काम झाले हे तपासण्याचे साधन म्हणजे सेवा-अहवालावरची सही. सही करणाऱ्या लिपिकाला पंख्याखालचा थर दिसत नाही आणि त्याने तो पाहावा अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नसते. कार्यालयाच्या जीपला लॉगबुक असते, ऑइल किती किलोमीटरला बदलले याची नोंद असते आणि ऑइल न बदलता इंजिन गेले तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. त्याच कार्यालयातल्या वीस संगणकांची एकत्रित किंमत त्या जीपच्या किमतीच्या आसपास जाते, पण त्यांना लॉगबुक नाही. वॉरंटीही इथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात बिघडलेला भाग बदलून मिळतो, धूळ काढून मिळतेच असे नाही. वॉरंटी चालू असेपर्यंत पेटी उघडण्याआधी कंपनीला विचारावे, हे योग्यच. पण घरघरणारी बहुतेक यंत्रे ती मुदत कधीच ओलांडून गेलेली असतात.

म्हणून बदल करारातच करायला हवा, आणि तो मोजता येईल असा हवा. 'साफसफाई करावी' असे लिहून काही होत नाही. असे लिहावे: प्रत्येक यंत्राचा पंखा काढून हीटसिंक साफ करायचा, तीन वर्षे झालेल्या यंत्राची थर्मल पेस्ट बदलायची, आणि सफाईच्या आधी व नंतर खोलीचे तापमान, सारख्याच कामाच्या ताणाखाली प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचा वेग नोंदवायचा. हे आकडे दाखवणारी साधने फुकट मिळतात. दोन्ही नोंदी एका ओळीत आल्या की काम झाले की नाही हे लिपिकालाही कळते, लेखापरीक्षकालाही. निर्लेखनाच्या प्रस्तावाला ही नोंद जोडणे सक्तीचे करावे. यंत्र साफ करूनही तापत असेल, मंदच असेल, तर ते खुशाल काढावे, मग त्या निर्णयामागे पुरावा असेल. मनुष्यबळाचीही अडचण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रशिक्षणार्थींना तालुक्यातल्या शाळांचे काम रीतसर मोबदला देऊन सोपवता येईल. मोबदल्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे, कारण फुकट करून घेतलेली सफाई पहिल्या वर्षी उत्साहाने होते आणि दुसऱ्या वर्षी थांबते. तालुक्याच्या गावी हार्डवेअर दुरुस्तीवर पोट असलेली कुशल माणसे आहेत, हे काम त्यांचे आहे आणि त्याची किंमत त्यांना मिळायला हवी.

वेळेसाठी नवे कॅलेंडर लागत नाही. खंडेनवमीला कारखान्यातली, शेतातली, घरातली हत्यारे आणि यंत्रे धुऊन-पुसून, तेलपाणी करून पुजायची आपली रीत आहे, आणि त्या रीतीत पूजेआधी निगा येते. आता संगणकही त्या दिवशी पुजला जातो, झेंडूचे फूल वाहिले जाते. त्याआधीच्या आठवड्यात त्याचे झाकण उघडावे, म्हणजे पावसाळ्याने घट्ट केलेला थर निघेल. यंत्रमागाच्या गावांत आणि विदर्भ-मराठवाड्यात मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर, दुसरी सफाई करावी. बाकीच्यांना वर्षातून एकदा पुरते. जागेचाही विचार करावा. पेटी जमिनीवर ठेवली की झाडूने उडालेली धूळ सरळ तिच्यात जाते, म्हणून ती वीतभर तरी उंचावर असावी. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढते, त्या कप्प्याची मागची फळी काढून टाकावी. चालू यंत्रावर कापडी आच्छादन कधीही नको. खोलीत एसी लावला की प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. वीस यंत्रे प्रत्येकी शंभर वॉट घेत असतील तर ती खोलीत दोन किलोवॉट उष्णता सोडतात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उपसतो, म्हणजे त्याची निम्म्याहून जास्त ताकद यंत्रांवरच जाते, आणि पात्यांतला थर तरीही तिथेच राहतो. आधी सफाई, मग जमल्यास एसी.

घरी हे करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. यंत्र बंद करून वायर काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती बेफाम फिरून बेअरिंग बिघडते. ओले फडके आत नेऊ नये, मऊ कोरडा ब्रश वापरावा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो. तिला बाहेरूनच हवा मारावी. आवाज ओळखायलाही शिकता येते. सलग वाऱ्यासारखा आवाज असेल तर हवेची वाट अडली आहे. सुरू करताना घरघर येऊन थोड्या वेळाने विरत असेल तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे, पंखा बदलावा, तो महाग नसतो. टिकटिक किंवा खरवड ऐकू आली तर ती हार्ड डिस्क असू शकते, मग सफाईच्या आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून घ्यावी. आणि आवाज नको म्हणून पंख्याची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नये.

काही यंत्रे खरोखर संपलेली असतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील, सुटे भाग मिळत नसतील, प्रणालीची सुरक्षा राखता येत नसेल, तर भावनेपोटी यंत्र धरून ठेवण्यात अर्थ नाही. ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावे, भंगाराच्या गाड्यावर नव्हे. पण असे यंत्र आणि नुसते बुजलेले यंत्र यांत फरक करण्याची यंत्रणा आज आपल्याकडे नाही, आणि ती उभारायला नवा कायदा लागत नाही, नवी योजना लागत नाही. जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी, गटविकास अधिकारी, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि ग्रंथालयांचे कार्यवाह यांना माझी विनंती आहे की, येत्या अंदाजपत्रकात संगणक देखभालीची एक स्वतंत्र ओळ घालावी, पुढच्या देखभाल करारात आधी-नंतरच्या तापमानाचे कलम लिहावे, आणि निर्लेखनाचा पुढचा प्रस्ताव समोर आला की सहीपूर्वी एवढेच विचारावे: याचा पंखा काढून पात्यांतली धूळ शेवटची कधी काढली होती?